पाचशे बारा बाइटांची मराठी

२०१६ सालच्या जुलै महिन्यात आमच्या मराठी विभागाला सोळा संगणक मिळाले. मिळाले म्हणजे, संगणकशास्त्र विभागाने ते टाकून दिले होते आणि भंगाराचा लिलाव होईपर्यंत ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते आमच्या खोली क्रमांक नऊमध्ये आणून रचले गेले. कागदोपत्री मात्र त्या खोलीला तेव्हापासून 'भाषा प्रयोगशाळा' म्हणतात. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावचे हे महाविद्यालय. त्यात आम्ही दोघे मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक मध्ययुगीन वाङ्मय शिकवते, दुसरा भाषाविज्ञान आणि व्याकरण. संगणकाशी आमचा संबंध म्हणजे प्रश्नपत्रिका टंकित करणे आणि टंकित केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडली की तिची झालेली दशा पाहणे, एवढाच. त्यामुळे या सोळा यंत्रांवर आम्ही संवादाचा सर्व्हर उभा केला असे सांगितले, तर आमचे विद्यापीठातले जुने सोबती हसतात. त्यांनी हसावेच. पण जे घडले ते सांगावयास हवे, कारण त्यात हसण्यासारखे नसलेलेही काही आहे.

यंत्रांवर विंडोज एक्सपी होती. २००१ साली आलेल्या या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले होते. संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी आम्हाला एकच ताकीद दिली: "काहीही करा, फक्त बाहेरच्या जाळ्याची तार याला लावू नका." लावायला तार नव्हतीच. खोलीत एक स्विच होता, त्याला जोडलेल्या सोळा केबली होत्या, आणि या केबली भिंतीपलीकडे कुठेही जात नव्हत्या. म्हणजे ही यंत्रे एकमेकांशी बोलू शकत होती, जगाशी नाही.

दुसरीकडे आमच्यापुढे एक वर्ग होता, जो एकमेकांशीही बोलत नव्हता. द्वितीय वर्षाचे एकतीस विद्यार्थी. त्यांना 'लीळाचरित्र' शिकवायचे. ज्या ग्रंथात माणसे सतत बोलतात, विचारतात, रुसतात, पुन्हा विचारतात, तो ग्रंथ शिकवताना प्रश्न विचारला की फक्त पंख्याचा आवाज ऐकू यावा, हे आम्हाला सहन होईना. मुले मठ्ठ नव्हती. बसस्थानकावर, पारावर, शेतात ती भरभरून बोलत. वर्गात मात्र तोंड उघडण्यापूर्वी त्यांना मनातल्या मनात एक भाषांतर करावे लागे, 'मले'चे 'मला' आणि 'तुले'चे 'तुला', आणि ते होईपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असे. हे आम्हाला आज कळते असे नाही, तेव्हाही कळत होते. पण कळूनही आम्ही 'ले'चे 'ला' करून देतच होतो.

पहिला प्रयत्न अगदी बाळबोध होता. एका यंत्रावर एक सामायिक फोल्डर ठेवायचा, त्यात प्रत्येकाने आपली टिपणाची फाइल टाकायची आणि इतरांची उघडून वाचायची. दहा यंत्रांपर्यंत हे चालले. अकरावे जोडायला गेल्यावर नकार आला. एक्सपीच्या त्या आवृत्तीत एका यंत्राच्या फोल्डरशी एका वेळी दहाच यंत्रे जोडली जाऊ शकतात, ही मर्यादा आम्हाला त्या नकारानेच शिकवली. मग संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, हे नाव सांगितले. नावात इंटरनेट असले तरी त्याला इंटरनेट लागत नाही. एका यंत्रावर सर्व्हर चालवायचा, बाकीच्यांवर छोटा चॅटचा प्रोग्राम, आणि सर्वांनी एका 'खोली'त शिरायचे. एकाने लिहिलेली ओळ सर्व्हर इतरांना पोचवतो. त्याने अनरिअल नावाच्या सर्व्हरची जुनी, एक्सपीवर चालणारी आवृत्ती पेनड्राइव्हवर दिली आणि तो आपल्या तासाला निघून गेला.

पुढचे तीन आठवडे आमच्या दोघांच्या संसारातून वजा झाले. या सर्व्हरची सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावी लागते. तिचे कप्पे असतात, कप्प्यांना महिरपी कंस असतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम असतो. अर्धविरामावर आम्ही आयुष्यभर गुण कापले आहेत. आता एक अर्धविराम राहिला की सर्व्हर उठत नसे. ज्या कप्प्यात सर्व्हरने स्वतःचे नाव सांगायचे, त्याचे शीर्षक इंग्रजीत 'मी' असे आहे. इंग्रजी 'मी' आणि मराठी 'मी' यांचा उच्चार एकच असल्यामुळे आमच्यापैकी व्याकरणवाल्याने हा कप्पा मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा क्षणभर वाटले की यंत्र मराठीत आत्मचरित्र सुरू करत आहे. ते सुरू झाले नाही. पहिल्याच ओळीत चूक आहे असे यंत्र सांगत राहिले आणि पहिल्या ओळीत आम्हाला कोणतीही चूक दिसेना. दोन दिवसांनी उलगडा झाला. एक्सपीच्या नोटपॅडमध्ये फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने जतन केली की ते फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची एक खूण स्वतःहून ठेवत असे. ती डोळ्यांना दिसत नाही, सर्व्हरला मात्र दिसते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी हे आधीच ओळखायला हवे होते. लेखनिकाने नकळत घातलेल्या गोष्टींवर तर आमची अर्धी विद्या उभी आहे.

आणखी एक कप्पा होता, तो इथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम आहे. या सर्व्हरला तीन लांबलचक, अर्थहीन अक्षरमाळा द्याव्या लागतात. त्या दिल्याशिवाय तो चालूच होत नाही. त्या अक्षरमाळांच्या साहाय्याने तो बोलणाऱ्याच्या यंत्राचा पत्ता झाकतो, म्हणजे समोरच्याला टोपणनाव दिसते, पण माणूस कुठून बोलतो ते दिसत नाही. हे वाचताच आमच्यापैकी मध्ययुगीन वाङ्मयवालीला महानुभावांच्या सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्या आठवल्या आणि तिने त्या दिवशी वर्गात त्यावर पाऊण तास घेतला. मुलांनाही ते आवडले. फरक एवढाच, की सर्व्हर चालवणाऱ्याला झाकलेला पत्ताही दिसतो. हे आम्ही वर्गात सांगितले नाही. लपवावे असे मनात नव्हते, सांगण्याजोगे वाटले नाही इतकेच.

मराठी दिसण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागला. एक्सपीत भारतीय लिप्यांचा आधार आयता बसवलेला नसतो. मूळ तबकडी घालून तो प्रत्येक यंत्रावर बसवावा लागतो. तोवर देवनागरीच्या जागी नुसत्या चौकोनांच्या रांगा दिसतात. ती तबकडी प्रयोगशाळा सहायकाच्या कपाटात, शाईच्या बाटल्यांच्या मागे सापडली. सोळाव्या यंत्रावर मंगल फॉन्टातले पहिले वाक्य उमटले तेव्हा बाहेर पाऊस पडत होता आणि आम्ही दोघांनी चहा मागवला. मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला, जे कवीही होते आणि सुलेखनकारही. कवीच्या हातची अक्षरे त्या टाकाऊ यंत्रांत इतकी वर्षे झोपून होती, ही गोष्ट आम्ही मुलांना आवर्जून सांगितली.

आता मूळ मुद्दा. सर्व्हर चालू झाल्यावर आम्ही दोघे खोलीच्या दोन टोकांना बसलो आणि चाचणी म्हणून एकीने दुसऱ्याला प्रश्न विचारला. प्रश्न आमच्या सवयीचा होता, म्हणजे दोन गौणवाक्ये, एक 'तथापि' आणि शेवटी 'असे म्हणता येईल काय?'. दुसऱ्या टोकाला तो 'तथापि'पर्यंतच पोचला आणि शेवटी एक तुटका चौकोन उमटला. "पूर्ण लिही," दुसऱ्याने ओरडून सांगितले. "पूर्णच लिहिलंय, माझ्या पडद्यावर दिसतंय," पहिली ओरडली. बराच वेळ आम्ही एकमेकांवर डाफरलो. दोघेही खरे बोलत होतो. आयआरसीत लिहिणाऱ्याच्या पडद्यावर त्याचे वाक्य त्याचाच प्रोग्राम उमटवतो, आणि ते पूर्ण असते. सर्व्हर मात्र एका संदेशाला पाचशे बारा बाइट एवढीच जागा देतो, त्यापुढचे कापतो, आणि कापल्याचे कोणालाही कळवत नाही.

पाचशे बारा हा आकडा कुठून आला, ते आम्ही शोधले. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८ च्या ऑगस्टमध्ये आयआरसी तयार केले, आणि १९९३ च्या मे महिन्यात त्याचे नियम दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. संदेशाची लांबी त्यात ठरलेली आहे. इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजीला ही जागा ऐसपैस आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात काना, मात्रा, वेलांटी, दोन हलन्त धरून अकरा चिन्हे होतात, म्हणजे तेहतीस बाइट. संदेशातून टोपणनाव, पत्ता, खोलीचे नाव वजा केले की मराठीला सुमारे दीडशे चिन्हे उरतात. 'ज्ञानेश्वरी'तली ओवी त्यात आरामात मावते. तुकोबांचा अभंग बहुधा मावत नाही. आमचे समीक्षेचे वाक्य तर नाहीच नाही, आणि त्याबद्दल सर्व्हरला दोष देणे आम्हाला दोघांनाही जड गेले.

त्या नियमावलीत एक ओळ अशी आहे की टोपणनावांच्या संदर्भात दोन प्रकारचे कंस आणि दोन प्रकारच्या रेघा एकमेकींचे लहान-मोठे रूप मानावेत. कारण दिले आहे, या पद्धतीचा उगम स्कँडिनेव्हियातला. त्या काळच्या फिनिश आणि स्वीडिश संकेतावलीत कंसांच्या त्याच जागांवर त्यांच्या भाषेतली खास अक्षरे बसवलेली होती. म्हणजे एका छोट्या भाषेने जगभर वापरल्या गेलेल्या यंत्रव्यवहारात आपली तीन अक्षरे मागे ठेवली, आणि ती आज कोणाला दिसतही नाहीत. आम्हाला याचा हेवा वाटला. टोपणनावांना मूळ नियमात देवनागरी चालतच नव्हती. मुलांनी रोमनमध्ये लिहिली. कुणी 'जासवंद', कुणी 'पऱ्हाटी', कुणी 'बोरू'.

ऑगस्टपासून तास सुरू झाले. एक यंत्र सर्व्हरसाठी ठेवून उरलेल्या पंधरांवर दोन-दोन मुले. पहिल्या दिवशी 'हाय' आणि 'जेवले का' यांपलीकडे काही झाले नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही एक खेळ केला. आदल्या दिवशी वर्गात सांगितलेली एक लीळा प्रत्येक यंत्राने आठवणीने लिहायची, दुसऱ्याचे न पाहता, तुकड्या-तुकड्यांनी. पंधरा पाठ आले. एकात स्वामी रागावलेले होते, दुसऱ्यात हसत होते. एकाने प्रसंग सकाळचा केला, एकाने पात्रांची अदलाबदल केली. 'लीळाचरित्रा'ची पोथी हरवल्यावर ती शिष्यांच्या आठवणीतून पुन्हा सिद्ध करावी लागली आणि म्हणून तिचे पाठ भिन्न आहेत, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. त्या दिवशी ते फळ्यावर लिहावे लागले नाही. वाद पेटला. आणि वाद पेटल्यावर भाषांतर करायला कुणाला सवड राहिली नाही. "काऊन? सोमी कायले रागावतीन?" असे खोलीत उमटले, आणि आम्ही ते सुधारले नाही. सुधारायची सोयच नव्हती. ओळ वर सरकून गेली होती. या सर्व्हरचा आमच्यावरचा सर्वांत मोठा उपकार हाच असावा.

मधल्या सुट्टीतही मुले खोली क्रमांक नऊमध्ये येऊ लागली. आम्ही किल्ली वर्गप्रतिनिधीकडे दिली आणि खूश झालो.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, विभागात कोणी नसताना, आमच्यापैकी एकाला सर्व्हरच्या यंत्रावर एक फाइल सापडली. सर्व्हर स्वतः संवाद साठवत नाही. पण त्याच यंत्रावर आम्ही चाचणीसाठी एक चॅटचा प्रोग्राम उघडला होता; तो रोज यंत्राबरोबर आपोआप सुरू होई, खोलीत शिरे, आणि त्याची नोंद ठेवण्याची सोय कधीतरी चालू राहून गेली होती. दोन महिन्यांतले प्रत्येक वाक्य त्यात होते. तारखा मात्र निरुपयोगी होत्या. त्या यंत्राची घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी मेलेली असल्यामुळे रोज सकाळी त्याच्या लेखी २००२ सालचा पहिला दिवस उजाडे. एकाच दिवशी घडलेले दोन महिने.

आम्ही ती फाइल वाचली. प्रथम एकाने, मग दुसरीला बोलावून दोघांनी. भाषेचा नमुना म्हणून वाचतो आहोत असे आम्ही एकमेकांना सांगितले, आणि पहिली दहा पाने ते खरेही होते. वऱ्हाडीची क्रियापदे, रोमन आणि देवनागरी यांची सरमिसळ, तुकड्यांत लिहिण्याची मुलांनी साधलेली लय. कुणालाही शोधनिबंध सुचावा असा ऐवज होता. मग मधल्या सुट्टीतल्या गोष्टी सुरू झाल्या. आमच्या चालण्याची नक्कल. आमच्या 'तथापि'ची नक्कल, फार चांगली. 'जासवंद'ने लिहिले होते, "काई समजून नाई राह्यलं, पण इचारलं का मॅडम आधी भाषाच दुरुस्त करते." कुणाचे कुणावर मन होते, कुणाच्या घरी काय चालले होते. आणि शेवटाकडे 'बोरू'ची एक लांब ओळ, जी तुकडे न पाडता एकदम लिहिलेली होती. घरची शेती, आईचे दुखणे, आणि मग: "दिवाळीनंतर मी येनार नाई, कारन घरी". त्यापुढे चौकोन. त्याखाली दुसऱ्या कुणाची तरी तास भरल्याची ओळ. उत्तर कुणीच दिले नव्हते.

'बोरू'च्या पडद्यावर ते वाक्य पूर्ण होते. आपण सांगितले आणि कुणी काही बोलले नाही, एवढेच तिला किंवा त्याला दिसले असणार.

त्या संध्याकाळी आमचे भांडण झाले आणि ते अजून पुरते मिटलेले नाही. एकाचे म्हणणे, पत्ता पाहावा. झाकलेला पत्ता आम्हाला उघड होता. मधल्या सुट्टीत कोणत्या यंत्रावर कोण बसते हे वर्गप्रतिनिधी सांगेल. शिक्षण सुटणाऱ्या मुलाला गाठणे हे आपले काम नव्हे काय? दुसरीचे म्हणणे, ज्यांना आपण टोपणनावे घ्या म्हणून सांगितले त्यांचा पडदा आपणच फाडायचा, तर मग यांनी पुन्हा तोंड का उघडावे? तिने म्हाइंभटाचे उदाहरण दिले. म्हाइंभट आठवणी गोळा करीत माणसामाणसाकडे गेला, तो विचारायला गेला. सांगणाऱ्याला ठाऊक होते की हे लिहिले जाणार आहे. यावर पहिला म्हणाला की आपण लेखकांची खाजगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर वाचतो, त्यांवर प्रश्न काढतो, तेव्हा ही सोवळी भाषा कुठे असते? हा टोला वर्मी होता. मात्र आमची मुले जिवंत होती आणि सोमवारी वर्गात येणार होती, एवढा फरक त्यालाही नाकारता आला नाही. पत्ता आम्ही पाहिला नाही. यात तत्त्व किती आणि भीती किती, हे आजही नक्की सांगता येणार नाही.

सांगायचे मात्र ठरले. तेही सोमवारी जमले नाही. दसरा, सुट्ट्या, अशी कारणे आम्ही शोधली आणि आठवड्याने सांगितले. फाइल पडद्यावर न उघडता नुसती दाखवली, ती काय आहे ते समजावले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमी वाचलं का?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

सगळ्यांसमोर फाइल पुसली. अमुक वाक्य तुटले होते हे वर्गात बोलणे म्हणजे ते उघड करणे, म्हणून लांब ओळ कशी कापली जाते आणि लिहिणाऱ्याला ते कसे दिसत नाही, एवढेच आम्ही पुन्हा समजावून सांगितले. कदाचित ज्याला कळायचे त्याला कळेल. कुणाच्याही चेहऱ्यावर काही दिसले नाही.

त्यानंतर तासाला मुले येत, लिहीत, शुद्ध लिहीत. मधल्या सुट्टीत खोली रिकामी. त्याच सप्टेंबरपासून मोबाइलवरचे आंतरजाल जवळजवळ फुकट झाले होते, तेव्हा मुले आपापल्या गटांत गेली असतील, जिथे आम्ही नव्हतो, असे आम्ही स्वतःला सांगत होतो. ते काही प्रमाणात खरेही आहे. डिसेंबरात स्विच बंद पडला आणि नवा मागण्याचा अर्ज आम्ही केला नाही. पुढच्या वर्षी यंत्रे लिलावात गेली.

दिवाळीनंतर वर्गातून तिघे दिसेनासे झाले. एक पुण्याला कामाला लागला असे मित्रांनी सांगितले. एकाने दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेतला होता, त्याचा दाखला आमच्याच सहीने गेला. तिसरी मुलगी बारा किलोमीटरवरच्या गावची. आमच्यापैकी एकजण एका रविवारी तिकडे जाऊन आली. मुलगी घरी नव्हती, कापूस वेचायला गेली होती. आई बाजेवर पडून होती. तिने चहा करायला शेजारणीला हाक मारली आणि विचारले, "पोरगी हुशार हाय का, मॅडम?" हुशार आहे असे सांगितले, आणि टिपणे ठेवून आली.

उन्हाळी परीक्षेला ती मुलगी आली. 'लीळाचरित्रा'वरचे तिचे उत्तर चार पाने होते, शुद्ध प्रमाण मराठीत, आणि त्यात लहान लहान वाक्ये होती, एकही दीडशे चिन्हांच्या पुढे जाणारे नसावे असे तपासताना वाटले. 'बोरू' तीच का, हे आम्ही तिला विचारले नाही.